आतड्याचा कर्करोग : पहिली कडी गावच्या डॉक्टरची

शौचावाटे रक्त गेले की मूळव्याध समजून मलमावर भागवण्याची सवय घातक ठरू शकते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर एकटा डॉक्टर उपचार करत नाही. पोटविकारतज्ज्ञ कोलोनोस्कोपीतून तुकडा घेतो, विकृतिशास्त्रज्ञ तो तपासतो, सीटी स्कॅनमधून रोगाचा प्रसार कळतो. मग शल्यचिकित्सक व कर्करोगतज्ज्ञ शस्त्रक्रिया आणि केमोथेरपीचा क्रम ठरवतात. परंतु रुग्ण तेथवर पोहोचला तरच ही साखळी उपयोगाची. केंद्राच्या कार्यक्रमात तोंड, स्तन व गर्भाशयमुख या तीनच कर्करोगांची सरसकट तपासणी आहे. अमेरिकेत मात्र २०२१ पासून वयाच्या ४५व्या वर्षापासून आतड्याची तपासणी सुचवली जाते. हा रोग केंद्राच्या यादीत येईपर्यंत रुग्णाला वेळीच गोमेकॉत पाठवण्याचा भार गावच्या डॉक्टरवरच राहील.