दोन हार्ड डिस्क जोडाव्यात का?

दिघी-भोसरीच्या वस्त्यांत आता अनेक घरी संगणक आहे. लग्नाचे, जयंतीचे चित्रण करून चार पैसे मिळवणारी मुलेही आहेत. त्यांतल्याच एकाने परवा विचारले, "काका, दोन हार्ड डिस्क स्ट्रायपिंगने जोडल्या तर संगणक दुप्पट वेगाने चालतो म्हणतात. जोडू का?" प्रश्न इतरांनाही पडत असेल, म्हणून उत्तर येथे देतो.

स्ट्रायपिंग म्हणजे काय? कारकुनी भाषेत सांगतो. एकच हिशेब दोन वह्यांत लिहायचा. विषम पाने एका वहीत, सम पाने दुसरीत. दोन कारकून एकाच वेळी लिहितात म्हणून काम लवकर उरकते. पण एक वही जळाली तर दुसरी हातात असून जमाखर्च लागत नाही.

1988 साली अमेरिकेतील बर्कले विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी स्वस्त डिस्क एकत्र जोडण्याची कल्पना मांडली व तिला 'रेड' हे नाव दिले. एक डिस्क गेली तरी माहिती वाचावी, हा त्यामागचा हेतू. नुसत्या स्ट्रायपिंगला 'रेड शून्य' म्हणतात. त्यात जादा प्रत शून्यच असते!

आता हिशेब पाहा. समजा, एक डिस्क वर्षात बिघडण्याची शक्यता शंभरात पाच आहे. दोन्ही टिकण्याची शक्यता 0.95 गुणिले 0.95, म्हणजे सुमारे 90 टक्के. धोका पाचावरून जवळजवळ दहावर गेला.

वेगाचे म्हणाल, तर मोठी चित्रफीत वाचताना फायदा होतो. लहान लहान फायली उघडताना फारसा नाही. साधी हार्ड डिस्क सेकंदाला दीडशे एमबीच्या आसपास वाचते, दोन मिळून तीनशे. साधी एसएसडी एकटीच पाचशेपर्यंत जाते. मग दुहेरी धोका कशाला पत्करायचा?

'रेड एक' मध्ये दोन्ही डिस्कवर तेच लिहिले जाते. पण चुकून पुसलेली फाईल दोन्हीकडून जाते. म्हणून तीही वेगळ्या प्रतीची जागा घेत नाही.

तेव्हा माझा सल्ला असा. संगणक चालवायला व रोजच्या कामाला एक एसएसडी घ्या. साठवणीला एक हार्ड डिस्क ठेवा. दुसऱ्या डिस्कवर सर्वाची प्रत काढून ती नातेवाइकांच्या घरी ठेवा. चित्रणाचे मूळ अन्यत्र सुरक्षित असेल, तरच संपादनापुरते स्ट्रायपिंग वापरावे. आणि जोडणी करताना डिस्कवरील जुने सारे पुसले जाते, हे ध्यानात ठेवावे.

जातीचा दाखला, गुणपत्रिका पुन्हा काढता येतील. हेलपाटे पडतील एवढेच. पण आजीचा आवाज, वडिलांचा एकुलता एक फोटो कोणत्या कचेरीत अर्ज करून मिळणार? येत्या रविवारी मुलांना सोबत घेऊन बसा आणि आधी त्यांची प्रत काढा.