घाटकोपरचे राजहंस

गेल्या महिन्यात आमच्या मुलुंडला एका हॉलमध्ये दोन दिवसांचं प्रदर्शन होतं. नेहमीसारखंच. एका बाजूला कुर्ते, एका बाजूला खोटे दागिने, दाराशी कोकणचा मेवा. त्यात एक टेबल माझं. हातानं भरलेल्या सात चौकटी मांडल्या होत्या. विळी, मिसळणाचा डबा, अर्धा फोडलेला फणस, उतू गेलेलं दूध, असलंच सगळं. (फुलं नाहीत, गणपती नाही. मुलगी म्हणालीच होती, "आई, हे कोण घेणार?")

एक बाई थांबल्या. साधारण माझ्याच वयाच्या. मिसळणाच्या डब्यापाशी वाकल्या आणि म्हणाल्या, "अय्या, मोहरी तर अगदी खरी वाटतेय!" मी खूश. मग त्यांनी किंमत विचारली. मी बाराशे म्हटलं.

"बाराशे? घरीच करता ना तुम्ही?"

यावर मी काय म्हणावं? मी म्हटलं, "हो हो, आपलं वेळ जायला... हजार द्या."

रात्री हिशेब मांडला. चौकटीचे साडेचारशे, कापड-दोऱ्यांचे दीडशे. उरले चारशे. त्या डब्याला मला चाळीस तास लागले होते. म्हणजे तासाला दहा रुपये! दहा रुपयांत आमच्याकडे कोथिंबिरीची जुडीसुद्धा येत नाही.

पण खरं सांगू? त्या बाईंचा मला राग आला नाही. त्यांनी डबा नीट बघितला तरी. राग आला तो माझ्या "वेळ जायला"चा. बँकेत एकतीस वर्षं नोकरी केली, पगार घेताना कधी म्हटलं नाही की आपलं वेळ जायला येते हो मी. मग सुई हातात घेतली की हे वाक्य कुठून येतं?

ते कुठून येतं हे मला आईच्या ट्रंकेत सापडलं.

आईचं लग्न १९६२ चं. तिच्या रुखवतातलं भरतकाम अजून माझ्याकडे आहे. मॅटीवर भरलेला टेबलक्लॉथ, टिकोझी, उशांचे अभ्रे, ताटावर घालायचे रुमाल. टाके असे की मागची बाजू आणि पुढची बाजू ओळखू येऊ नये. आणि भरलंय काय? धुराडं असलेलं कौलारू विलायती घर. हॅट घातलेली, छत्री धरलेली मुलगी. आणि तळ्यात पोहणारे दोन राजहंस.

राजहंस! घाटकोपरला! पंतनगरच्या दोन खोल्यांत उभं आयुष्य काढलेल्या माझ्या आईनं राजहंस बघितला असेल तर तो फक्त नमुन्यांच्या पुस्तकात. टिकोझीचं म्हणाल तर आमच्याकडे चहा पातेल्यात व्हायचा आणि पातेल्यातून थेट कपात जायचा. ती टिकोझी एकदाही वापरली गेली नाही.

आणि रोज दिवसाचे दहा-दहा तास ती ज्या जागेत होती तिथे काय काय होतं! घासून पांढरा पडलेला पाटा. पितळी डब्यांची उतरंड. खिडकीत सुकायला घातलेल्या आमसुलांचा काळपट लाल रंग. शनिवारी निवडायला घेतलेल्या मेथीचे दोन ढीग. यातलं एकही तिच्या सुईतून कधी उतरलं नाही. का? तर हे काय बघण्यासारखं आहे, असं तिला वाटायचं. तसं तिला शिकवलं होतं. सुंदर म्हणजे दुसरीकडचं. आपलं असतं ते फक्त काम.

माझं भांडण इथे आहे.

आणि ही काही आपली जुनी रीत नव्हे, बरं का. बेळगाव-धारवाडकडची कसूती बघा. इरकली साडीच्या पदरावर त्या बायकांनी काय भरलं? तुळशीवृंदावन, देवळाचं गोपुर, पालखी, हत्ती. जे डोळ्यांसमोर होतं ते. तेही कापडावर आधी काही न रेखता, नुसते धागे मोजून. त्यांच्या चार टाक्यांपैकी एकाचं नावच मेंथे, म्हणजे आपली मेथी. टाका मेथीच्या दाण्यासारखा दिसतो म्हणून! ज्या बाईनं हे नाव पहिल्यांदा ठेवलं तिला फोडणीचा डबा आणि कशिदा या दोन वेगळ्या दुनिया वाटत नव्हत्या. माझी आजी गोधडी शिवताना शेवटची कड बंद करायच्या आधी आत भाकरीचा एवढासा तुकडा घालायची. गोधडी उपाशी ठेवू नये म्हणायची. तिथून आईच्या राजहंसांपर्यंत आपण एका पिढीत कसे पोचलो?

आणि अजून तिथेच आहोत. आज बाजारात क्रॉसस्टिचची तयार किटं मिळतात. नकाशा, मोजलेले दोरे, सुई, सगळं आत. त्यावर कोण? तेच धुराड्याचं घर, तेच हंस. इकडे मुलुंड-भांडुपच्या मागे ठाण्याच्या खाडीत दर हिवाळ्यात हजारोंनी रोहित पक्षी उतरतात. २०१५ साली ते अभयारण्य जाहीर झालं. आमच्या भिशीतल्या सगळ्याजणी जाऊन फोटो काढून आल्या. एकीनंही अजून रोहित भरलेला नाही. मी विचारलं तर उत्तर आलं, "त्याचा नमुना कुठे मिळतो?"

एका स्पर्धेत मी चौकट चित्रकलेच्या विभागात दिली होती. ती परत आली. "शिवणकामाचा विभाग वेगळा आहे." तेव्हा मी चार दिवस चिडचिड केली. पण दुसऱ्याचा नकाशा मोजून भरायचा आणि मग आम्हाला कलावंत का म्हणत नाही म्हणून रुसायचं, हेही चालणार नाही. आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघावं लागेल.

यावर माझ्या मुलीचा आक्षेप असतो, आणि तो साधा नाही. ती म्हणते, "आई, ओट्यापासून सुटायला बायकांना दोन पिढ्या लागल्या आणि तू त्याच ओट्याची आरास करतेस?" हॉटेलात शोभेला टांगलेली तांब्याची भांडी आणि कोपऱ्यात मांडलेलं जातं बघितलं की मलाही तिचं पटतं. ज्यानं कधी दळलं नाही त्यालाच जातं गोजिरवाणं दिसतं.

पण कौतुक करणं वेगळं आणि बघणं वेगळं. माझं ते उतू गेलेलं दूध ओट्याची आरास नाही. त्यात खाली चिकटलेला करपलेला तपकिरी थर आहे आणि बर्नरवरचा काळा डागही आहे. ते दूध उतू गेलं त्या दिवशी माझी आठ बाराची लोकल चुकली आणि सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, कापडावर सांगितलं. जी जागा आपण सोडली तिचा निदान साक्षीपुरावा तरी आपण द्यायला नको का? तो दुसरं कोण देणार आहे?

भाचीकडे अमेरिकेला गेले होते तेव्हा ब्रुकलिन म्युझियममध्ये ज्यूडी शिकागो यांची 'द डिनर पार्टी' बघितली. १९७९ साली ती पहिल्यांदा मांडली गेली आणि २००७ पासून तिथे कायमची आहे. भलंमोठं त्रिकोणी टेबल, एकोणचाळीस कर्तबगार स्त्रियांसाठी एकोणचाळीस ताटं, आणि प्रत्येक ताटाखाली भरतकामाची पट्टी. भरतकामाला असा मान मिळालेला बघून डोळे भरून आले. पण बाहेर पडताना माझ्यातली मुलुंडची बाई जागी झाली. एवढी ताटं मांडली, पण स्वयंपाक कुणी केला? वाढणारी कुठाय? तिच्यासाठी चाळिसावं ताट नव्हतं. ते ताट आपणच भरायचं आहे, हे मला तिथे कळलं.

आणि भरलं की खाली नाव घालायचं. हा माझा दुसरा हट्ट. डहाणूकडच्या वारली घरांत लग्नाचा चौक बायका लिहायच्या, कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं. १९७० च्या दशकात ही चित्रं कागदावर आली, जिव्या सोमा म्हशे हे नाव जगभर गेलं आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ते मोठे कलावंत होते, त्यात वाद नाही. पण त्यांच्या आधी पिढ्यान्‌पिढ्या भिंती लिहिणाऱ्या एका तरी सवाशिणीचं नाव तुम्हाला सांगता येईल? मलाही येत नाही. आणि आईच्या त्या टेबलक्लॉथवर तरी कुठे नाव आहे? माझ्या मुलीच्या मुलीला तो "कुठलातरी जुना टेबलक्लॉथ" असणार आहे.

असो. सध्या मी शेवळं भरतेय. पावसाच्या तोंडावर कर्जत-कसाऱ्याकडच्या बायका स्टेशनबाहेर घेऊन बसतात ती, काकडांच्या वाट्यासकट. ज्यांनी शेवळं निवडलीत त्यांना माहीत असेल, आतला पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा, नाहीतर घसा खाजतो. इतकी वर्षं मी तो न बघता टाकून दिला. यंदा भरायला बसले आणि लक्षात आलं की सगळ्यात सुंदर तोच आहे. त्याला गाठीचे टाके घालतेय, एकेका दाण्याला एक. तीनशेच्या वर झाले, अजून संपले नाहीत.

पुढच्या प्रदर्शनात चौकटीच्या कोपऱ्यात माझं नाव असेल, साखळी टाक्यात. शेजारी चिठ्ठी असेल, किती तास लागले त्याची. त्या तासांच्या हिशेबानंच किंमत. आणि कुणी विचारलं, "घरीच करता ना?", तर म्हणणार आहे, हो, घरीच. दुसरीकडे कुठे मिळणार होतं हे बघायला?