मेट्रोच्या करारात आमची अट कुठे आहे?

१९०१ साली सातारा जिल्ह्यातील मसूर स्टेशनवर लहानगा भीमराव भावंडांसह उतरला. खिशात पैसे होते. तरी जात कळताच गाडीवाले तयार होईनात. अखेर दुप्पट भाडे कबूल करूनही बैलगाडी मुलांनाच हाकावी लागली. गाडी कोणाची आणि भाडे कोण ठरवणार, हा प्रश्न तेव्हापासून आपल्या ओळखीचा आहे.

आज तोच प्रश्न मेट्रोच्या रूपाने उभा आहे. मुंबई-पुण्याच्या मेट्रोशी सातारा-सांगलीचा काय संबंध, असे कोणी विचारू नये. आमची मुले पोटासाठी तिथेच जातात आणि राज्याची तिजोरी आमचीही आहे.

वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मार्गासाठी २००७ मध्ये रिलायन्सच्या पुढाकाराखालील कंपनीशी करार झाला. अंदाजित खर्च २,३५६ कोटी. त्यात ६५० कोटींचे सरकारी अनुदान, शिवाय एमएमआरडीएचे २६ टक्के भागभांडवल. करारात तिकीट ९ ते १३ रुपये होते. २०१४ मध्ये मेट्रो धावली, तेव्हा कंपनीने वाढीव खर्च व केंद्राचा मेट्रो कायदा पुढे करून १० ते ४० रुपये दर जाहीर केले. एमएमआरडीए उच्च न्यायालयात गेली, पण स्थगिती मिळाली नाही.

भाड्यावरून कोर्टकज्जे झाले. नोकऱ्यांचे काय? सरकारी रेल्वेत गँगमनपासून अधिकाऱ्यापर्यंत राखीव जागा आहेत. खासगी भागीदारीतील मेट्रोची बिंदुनामावली कोणी पाहिली आहे?

कायदा मुका नाही. महाराष्ट्राच्या २००१ च्या आरक्षण कायद्याने अनुदानित संस्थेची व्याख्या मुद्दाम रुंद ठेवली आहे. शासनाकडून सवलतीत जमीन वा आर्थिक सवलत घेणारे उद्योगही तिच्यात येतात. अशी मदत देताना करारातच आरक्षण पाळण्याची अट घालावी, ही जबाबदारी त्याच कायद्याने शासनावर टाकली आहे.

पुण्यात हिंजवडी-शिवाजीनगर मार्ग टाटा-सिमेन्सच्या भागीदारीला ३५ वर्षांसाठी दिला गेला. ३५ वर्षे म्हणजे आमच्या मुलांची अख्खी उमेद. तिथेही हाच प्रश्न आहे.

म्हणून मागणी साधी आहे. असे सर्व करार मराठीत प्रसिद्ध करा. आरक्षणाची अट घातली असेल तर दाखवा. नसेल, तर कायदा कोणी गुंडाळून ठेवला ते सांगा. दुप्पट भाडे मोजण्याचे दिवस संपले आहेत.