गुडघे गोळ्यांवर किती दिवस चालणार?

लातूर जिल्ह्यातल्या मुरुड परिसराच्या शिवारांत सोयाबीनची खुरपणी बायका उकिडव्या बसून करतात, वर्षानुवर्षे. पन्नाशीच्या आसपास गुडघे धरतात. मग मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली डायक्लोफिनॅकची गोळी आणि घरच्यांचा सल्ला: वंगण संपलंय, आता बसून राहा. सल्ला मायेचा असला तरी घातक आहे.

गुडघ्यातल्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. सांध्यावर भार पडतो आणि सुटतो, तेव्हा तिथल्या द्रवातून तिचे पोषण होते. बसून राहिलेल्या माणसाच्या मांडीचे स्नायू वाळतात आणि सांध्याचा आधारच जातो. रोजच्या गोळ्या जठरात व्रण करतात, रक्तदाब वाढवतात, मूत्रपिंडे दुखावतात. मधुमेह असलेल्या बाईसाठी हा धोका फारच गंभीर आहे.

हे दुखणे नवे नाही. पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांनी 1996 मध्ये भिगवणला घरोघरी पाहणी सुरू केली, तेव्हाही गावकऱ्यांच्या तक्रारींत सांधे-स्नायूंचे दुखणेच आघाडीवर होते. सरकारने ऑगस्ट 2017 मध्ये कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला लगाम घातला, ते योग्यच झाले. पण शस्त्रक्रियेआधीच्या उपचाराचे काय?

तो उपचार व्यायाम आहे. डेन्मार्कमधल्या 2015 च्या एका अभ्यासात गुडघा बदलण्याच्या टप्प्यावर आलेल्या 50 जणांना आधी व्यायाम, आहार-सल्ला आणि मर्यादित औषधे दिली गेली. वर्षभरात त्यांतल्या 13 जणांनीच शस्त्रक्रिया करून घेतली. सुरुवातीलाच शस्त्रक्रिया झालेल्या दुसऱ्या गटाला आराम जास्त पडला, पण गंभीर गुंतागुंतीही त्याच गटात जास्त झाल्या. व्यायामाने झीज भरून निघत नाही, आरामही मध्यम असतो आणि व्यायाम सोडला की तो ओसरतो. सुरुवातीला थोडे दुखेल. त्याला घाबरून थांबू नये. मात्र गुडघा अचानक सुजून गरम झाला, ताप आला, तर थेट डॉक्टर गाठावा.

गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबणे, खुर्चीवरून सावकाश उठणे-बसणे, सपाट रस्त्यावर चालणे, एवढ्यापासून सुरुवात होते. यासाठी यंत्रे नकोत, शिकवणारा माणूस हवा. मुरुडच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून दोनदा गुडघ्यांचा व्यायामवर्ग सुरू करा, आशाताईंना त्याचे प्रशिक्षण द्या, लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून फिजिओथेरपिस्ट पाठवा. आणि मेडिकलवाल्यांनी चिठ्ठीविना या गोळ्या देणे आजच बंद करावे.