आराखडा इथला, मालकी कोणाची?

वेदान्त-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला जाणार, हे सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट झाले आणि राज्यात मोठे राजकीय वादळ उठले. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने त्या भागीदारीतून अंग काढून घेतले आणि वादळही शमले. या गदारोळात मूळ प्रश्न मात्र बाजूला पडला. कारखाना कोठे उभा राहणार, यावर आपण तावातावाने भांडलो. त्यात जे घडवायचे त्याचा आराखडा कोणाचा, हे फारसे कोणी विचारले नाही.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये या क्षेत्रासाठी ७६ हजार कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तिचा मोठा भर कारखान्यांवर होता. डिझाइन करणाऱ्या देशी कंपन्यांना पात्र खर्चाच्या निम्म्यापर्यंत रक्कम परत देण्याची तरतूद तिच्यात होती, तीही एका अर्जामागे कमाल १५ कोटी रुपये. पुण्यात सर्किट डिझाइन करणारे अनुभवी अभियंते आहेत. पण त्यांतील अनेक जण परदेशी कंपन्यांच्या केंद्रांत काम करतात. बुद्धी इथली, वेतनही इथेच मिळते. उत्पादनाची मालकी मात्र बाहेर राहते.

याचा तोटा कळण्यासाठी पुण्याबाहेर पडावे लागते. भोर तालुक्यातील भोंगवलीसारख्या गावातील शेतकऱ्याला रात्री-अपरात्री येणाऱ्या विजेची वाट पाहावी लागू नये, म्हणून कृषिपंपाला ऑटोस्विच बसवला जातो. वीज येताच सारे पंप एकदम सुरू होतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते. रोहित्रावर भार येतो, ते जळते आणि ऐन हंगामात पिके वाळतात. म्हणूनच ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा, असे महावितरण वारंवार सांगते. प्रत्येक पंप वेगवेगळ्या क्षणी सुरू होईल, असे स्वस्त आणि टिकाऊ सर्किट तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही. पण कमीजास्त दाब, ओल, उष्णता आणि पेटीत शिरणाऱ्या मुंग्या-पाली यांना पुरून उरणारे सर्किट प्रयोगशाळेत बसून सुचत नाही. त्यासाठी शेताच्या बांधावर जावे लागते. परदेशी मुख्यालयाच्या यादीत हा प्रश्न येण्याचे काही कारणच नाही.

असा अभियंता पदवीसोबत तयार होत नाही. पहिला बोर्ड का जळाला, दुसरा उन्हाळ्यात का बंद पडला, हे शोधण्यात दहा-पंधरा वर्षे जातात. दुर्दैव असे, की नेमका याच टप्प्यावर बढतीसाठी त्याला हातातील सोल्डरिंग आयर्न ठेवून व्यवस्थापक व्हावे लागते. अनुभव बैठकांत विरून जातो.

वेगळी वाट आपल्याच जिल्ह्यात आहे. नारायणगावजवळील खोडद येथे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण उभी राहिली. तिच्या इलेक्ट्रॉनिक्सचा मोठा भाग भारतीय अभियंत्यांनी घडवला आणि पुढे तिचे अद्ययावतीकरणही केले. प्रश्न स्वतःचा होता, म्हणून उत्तरही स्वतःचे निघाले.

राज्याने कारखान्यांना जमीन जरूर द्यावी. परंतु कृषिपंप, रुग्णालये, एस.टी. यांच्या गरजांसाठी देशी डिझाइनची मागणी नोंदवली आणि उद्योगांनी ज्येष्ठ अभियंत्याला तांत्रिक कामातच मान व बढती दिली, तर अधिक पायाभूत काम होईल. कारखाना एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाऊ शकतो. पंधरा वर्षांत मुरलेली जाण एकदा गमावली, तर ती कोणत्याही अनुदानाने परत आणता येत नाही.