मिश्रण हातानेच सुटू द्या

वाळू, मीठ आणि लोखंडाचा कीस वेगळे करण्याची कृती मुलांना तोंडपाठ असते: चुंबक, पाणी, गाळणे, आटवणे. तरीही, किंबहुना म्हणूनच, ती शाळेत प्रत्यक्ष करायला हवी. चुंबक फिरवला की किसाबरोबर वाळूचे कणही वर येतात. गाळणकागदावरची वाळू पुन्हा धुतली नाही तर मीठ तिच्यातच राहते. सोरा आणि मीठ तर दोन्ही पांढरे, दोन्ही पाण्यात विरघळणारे. पण 100 ग्रॅम पाण्यात 20 अंश सेल्सिअसला सोरा सुमारे 32 ग्रॅम विरघळतो, उकळत्या पाण्यात 240 च्या आसपास. मिठाचा आकडा 36 वरून जेमतेम 39 वर जातो. त्यामुळे सोऱ्याचे भरपूर प्रमाण असलेले गरम द्रावण निवताना त्याच्या लांब सुया आधी दिसू लागतात. हा फरक डोळ्यांनी पाहिला की विद्राव्यता ही नुसती व्याख्या राहत नाही.

वेळ नाही, साहित्य नाही, व्हिडिओ आहेच, असे म्हटले जाते. वेळेची अडचण खरी आहे. पण मीठ-वाळू कुठेही मिळते, आणि व्हिडिओ पाहणाऱ्याच्या हातून काही सांडत नाही, म्हणून चूक शोधायची वेळही येत नाही. मुलांनी 10 ग्रॅम मिश्रण तोलून घ्यावे, शेवटी हाती आलेले पुन्हा तोलावे आणि घट कुठे झाली ते लिहावे. गुण त्या शोधाला द्यावेत, वहीतल्या सुबक आकृतीला नव्हे.