स्वित्झर्लंडचं पोस्टर आणि आरे-वारेचा चढ

रात्री अकरानंतर हॉस्टेलच्या कुठल्याही रूममध्ये डोकावून बघा. सबमिशन एका कोपऱ्यात पडलेलं असतं आणि कोणीतरी कॉटवर आडवा होऊन जाहीर करत असतो, "प्लेसमेंट झाली ना, की पहिली सुट्टी परदेशात! सायकलवर!" पूर्वी भिंतीवर पोस्टर असायचं, आता मोबाइलवर वॉलपेपर असतो, एवढाच काय तो फरक. चित्र तेच. निळं तळं, मागे बर्फाचे डोंगर, हिरवं कुरण आणि त्यातून वळत गेलेला गुळगुळीत रस्ता. खाली नाव लिहिलेलं नसलं तरी आपण ओळखतो, स्वित्झर्लंड!

या स्वप्नाला माझा अजिबात विरोध नाही. उलट जायलाच हवं. पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ साली सायकलवरून जगाला प्रदक्षिणा घालून आली. सुमारे २९,००० किलोमीटर, १५९ दिवस. तेव्हा ती अवघी वीस वर्षांची होती, म्हणजे आपल्या टीईच्या पोरांएवढी! स्पेनमध्ये चाकूचा धाक दाखवून तिला लुटलं, तरी तिने प्रवास पुरा केला. तेव्हा "आपल्याला कुठे जमतंय" हे रडगाणं पुरे. माझा प्रश्न वेगळाच आहे. त्या चित्रात आपल्याला नेमकं काय खुणावतं?

डोंगर? तळं? ते असतीलच सुंदर. पण नुसते डोंगर बघून सायकल चालवता येत नाही, त्याला रस्ता लागतो. स्वित्झर्लंडने १९९८ साली देशभर सायकलचे नऊ राष्ट्रीय मार्ग सुरू केले, सुमारे ३,३०० किलोमीटरचे. प्रत्येक मार्गाला क्रमांक. वळणावळणावर लाल पाटी, त्यावर तो क्रमांक आणि बाण. नकाशा काढायची गरज नाही. दमलात तर सायकलचं तिकीट काढा आणि सायकलसकट रेल्वेत चढा. म्हणजे आपण ज्याला "निसर्ग" म्हणून उसासे टाकतो, त्यातला निम्मा भाग कोणीतरी ड्रॉइंग बोर्डवर बसून काढलेला आहे. आल्प्स देवाने दिले असतील, पाट्या मात्र माणसांनीच ठोकल्या!

यावर कट्ट्यावरचं ठरलेलं उत्तर येतं, "अरे, ते लोकच तसे शिस्तीचे. आपल्याकडे नाही जमायचं." हे उत्तर साफ चूक आहे. सायकलींचा देश म्हणून ज्याचं नाव घेतात त्या नेदरलँड्सचंच बघा. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथेही मोटारी वाढल्या आणि सायकली रस्त्याच्या कडेला ढकलल्या गेल्या. १९७१ या एका वर्षात तिथे रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यांत ४०० हून अधिक लहान मुलं होती. मग आईबाप रस्त्यावर उतरले. त्यांच्या चळवळीचं नावच होतं, "मुलांची हत्या थांबवा". त्यात १९७३ चं तेलसंकट आलं, काही रविवारी मोटारींना बंदी झाली आणि रिकाम्या रस्त्यांवर लोक सायकली घेऊन आले. तिथून पुढे सरकारने सायकलचे वेगळे रस्ते बांधायला घेतले. शिस्त आधी आणि रस्ता नंतर, असं झालं नाही. आधी लोकांनी मागितलं, मग इंजिनिअरांनी बांधलं, आणि सवय त्यामागून आली.

आता आपल्या रत्नागिरीत या. शिरगाव, काळबादेवी, आरे, वारे, नेवरे करत गणपतीपुळे. जेमतेम २५ किलोमीटरचा रस्ता. आरे-वारेचा चढ चढून वर थांबलात की एका नजरेत दोन किनारे, खाली सुरूचं बन, समोर अथांग समुद्र. पुढे मालगुंड, जयगड. तिथे फेरीबोटीत सायकल चढवायची, तवसाळला उतरायची, मग हेदवी, वेळणेश्वर, गुहागर. धोपाव्याहून परत फेरी, की दाभोळ. खाडी ओलांडताना बसायला मिळतं, वारा लागतो, घाम सुकतो. सायकलवाल्याला आणखी काय हवं हो? स्वित्झर्लंडमध्ये सगळं असेल, पण सोलकढी मिळत नाही!

मग आपण जात का नाही? कारण भीती वाटते. अरुंद रस्ता, आंधळं वळण, समोरून टुरिस्ट गाडी, मागून डंपर. बाजूला व्हावं तर साइडपट्टी खचलेली, डांबराची कड आणि माती यांत वीतभर फरक. ताशी ६० ने येणारी गाडी आणि ताशी १० ने चढ चढणारी सायकल एकाच पट्ट्यात सोडायची, याला डिझाइन म्हणत नाहीत, नशिबावर हवाला म्हणतात. घरून फोन येतो, "सायकलबियकल काही नको, एसटीने जा." त्या आईचं तरी काय चुकलं?

म्हणूनच हा विषय आत्ताच काढतोय. रेवस ते रेडी हा सागरी महामार्ग बॅरिस्टर अंतुले यांच्या काळापासून आपण ऐकत आलोय. आता त्या मार्गाचं रुंदीकरण आणि खाड्यांवरचे मोठे पूल महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने हाती घेतले आहेत. त्यांत दाभोळ आणि जयगडच्या खाड्याही आहेत. पूल हवेतच. रात्री अपरात्री पेशंट न्यायचा असेल तर फेरीची वाट बघणं काय असतं, ते खाडीकाठच्या माणसाला विचारा. पण पूल एकदा बांधला की पन्नास-साठ वर्षं तो तसाच राहतो. त्यावर सायकलला दीड-दोन मीटर जागा ठेवायची असेल तर ती आत्ताच, कागदावर असताना. नंतर पुलाला ठिगळ लावता येत नाही. आणि पूल झाल्यावर उद्या फेऱ्या बंद पडल्या, तर पलीकडच्या गावातून सायकलने शाळेला येणारी पोरगी कुठून जाणार? डंपरच्या शेजारून?

गंमत म्हणजे हे काही नवं ज्ञान नाही. इंडियन रोड्स काँग्रेसने सायकल ट्रॅकसाठी आयआरसी ११ ही संहिता १९६२ सालीच काढली आणि २०१५ साली सुधारून पुन्हा छापली. सिव्हिलवाल्यांच्या दृष्टीने मात्र सायकल ट्रॅक म्हणजे ट्रान्स्पोर्टेशनच्या पेपरातली पाच मार्कांची शॉर्ट नोट. "ऑप्शनला टाकू!" वर्षानुवर्षं ऑप्शनला टाकलं, म्हणून रस्त्यावरही ते ऑप्शनलाच पडलं.

"इथल्या उन्हात, पावसात, चढउतारात सायकल चालवतंय कोण?" असंही विचारलं जाईल. मी म्हणतो, एमआयडीसीच्या फाट्यावर सकाळच्या शिफ्टला उभे राहा आणि मोजा. जे चालवतात ते हौसेने नाही, गरजेने चालवतात, म्हणून आपल्याला दिसत नाहीत. चढ तर स्वित्झर्लंडमध्ये आपल्याहून मोठे आहेत. पाऊस चार महिने, मान्य. उरलेले आठ महिने काय करायचं?

तेव्हा माझं म्हणणं थोडक्यात असं. परीक्षा संपली की चार-पाच जण मिळून गणपतीपुळ्यापर्यंत जाऊन या. हेल्मेट घाला, पहाटे निघा, उन्हाच्या आत परता. आणि सोबत एक वही ठेवा. साइडपट्टी कुठे खचली, गटाराच्या जाळीत चाक कुठे अडकेल, कुठल्या वळणावर पाटी हवी, सगळं लिहा. आमच्या सर-मॅडमना विनंती, की डाउनलोड केलेल्या प्रोजेक्टऐवजी एका ग्रुपला हा सर्व्हे द्या. सिव्हिलने रस्ता मोजावा, कॉम्प्युटरने नकाशा करावा, मेकॅनिकलने सायकली दुरुस्त ठेवाव्यात. तयार झालेला रिपोर्ट लायब्ररीत धूळ खात न ठेवता निवेदनासोबत जिल्हाधिकारी कार्यालयात नेऊन द्या. त्याने लगेच सगळं बदलेल असा माझा भ्रम नाही. पण मागितलंच नाही तर मिळणार नाही, हे नक्की.

पगार सुरू झाल्यावर स्वित्झर्लंडला जरूर जा. तिथल्या लाल पाट्यांचे फोटो काढा, रस्त्याची कड बोटांनी मोजा, पुलावर सायकलला किती जागा सोडलीय ते बघा. आणि परत आल्यावर ते इथल्या ड्रॉइंगवर उतरवा. चार वर्षांनी अशाच एखाद्या पुलाच्या नकाशावर तुमच्यापैकी कोणाची तरी सही असणार आहे!